काचेवरची तीट

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी खिडकीच्या कट्ट्यावर ऊन आलं आणि सरलानं पहिली चौकट उन्हात ठेवली. सगळं सुरू झालं ते तिथून. त्याआधी सगळे दिवस साधेच होते.

एकोणीसशे एकसष्टचा एप्रिल, गाव ड्रेस्डेन. खाली एल्बे नदी वाहायची. नदीपलीकडे अजून कितीतरी ठिकाणी नुसत्या पडक्या भिंती उभ्या होत्या, पण टेकडीवरची ही आळी लढाईतून शाबूत राहिली होती. तिथल्या एका घराच्या वरच्या दोन खोल्यांत सरला, तिचा नवरा श्रीपाद आणि पाच महिन्यांची लेक राहायची. लेकीला दोघं छकुली म्हणत. छताच्या तुळईला श्रीपादनं हूक ठोकून दिला होता. त्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, आणि छकुली त्या झोळीत दिवसभर रडायची. पोट भरलेलं असलं तरी रडायची, लंगोट कोरडा असला तरी रडायची. खाली घरमालकीण हेम्पेलबाई राहायच्या. फारच झालं की त्या झाडूच्या दांड्यानं छताला दोनदा ठोकत. सरलाचा जीव तेव्हा अर्धा व्हायचा.

श्रीपाद टेक्निकल युनिव्हर्सिटीत फोटोच्या रसायनांवर डॉक्टरेट करत होता. हेम्पेलबाईंना ते कळलं आणि एके दिवशी त्या त्याला खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, घेऊन गेल्या. बटाट्यांच्या पोत्यांमागे लाकडी पेटी होती. पेटीत खाचा, आणि एकेका खाचेत एकेक काच. ऐंशीएक वर्षांपूर्वी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात, बाईंचे आजोबा एमिल तरुणपणी लंडनला गेले होते आणि तिथं त्यांनी रस्त्यावरच्या फिरत्या गरिबांचे फोटो काढले होते. त्या ह्या निगेटिव्ह. कागदावर उतरवून देशील का, असं बाईंनी विचारलं. श्रीपाद तर हरखूनच गेला.

कागद जुन्या तऱ्हेचा होता. त्याला अंधारी खोली लागत नाही, तो उन्हानंच काळा होतो. चौकटीत काच, काचेला चिकटून कागद, मागं दोन फळ्या, आणि चौकट उन्हात. एक फळी अर्धी उघडून अधूनमधून बघायचं, किती उतरलंय ते. श्रीपाद दिवसा कामावर जायचा, म्हणून हे काम सरलाकडे आलं. तिला ते लगेच जमलं. वाळवण घातलेल्या बाईला ते का जमू नये? ऊन सरकलं की चौकट सरकवायची, कुरडईसारखी नजर ठेवायची, रंग पिकल्या जांभळासारखा झाला की काढून अंधाऱ्या डब्यात ठेवायचं. संध्याकाळी श्रीपाद ते परातीतल्या औषधात धुऊन पक्कं करी.

आणि काय एकेक माणूस उतरायचं त्या कागदावर. खुर्च्यांना वेत विणणारा आंधळा. छत्र्या दुरुस्त करणारा. मांजरांसाठी मांसाचे तुकडे काठीला टोचून विकणारा. चाकांच्या घरात राहणारं एक कुटुंब, दारात तव्याएवढी चूल. सरलाच्या माहेरी वाईला कल्हईवाले यायचे, सुया-पोत विकणाऱ्या वैदिणी यायच्या. दारात उभं राहून तिनं किती वेळा घासाघीस केली असेल. पण त्यांच्या तोंडाकडे तिनं कधी असं बघितलं नव्हतं. ह्या एमिल आजोबांनी बघितलं होतं. पाठीवर तंबू आणि बाटल्या घेऊन ते चिखलात हिंडले. तिथल्या तिथं काच ओली करायची, ती वाळायच्या आत फोटो काढायचा, तिथंच धुवायचा. आणि समोरची माणसं त्यांच्यासाठी दगडासारखी उभी राहिली. एकही चेहरा केविलवाणा नव्हता. ‘आम्ही आहोत,’ एवढंच म्हणत होते सगळे.

श्रीपादनं तिला समजावलं होतं की त्या काळात काचेवर चित्र उमटायला बराच वेळ लागायचा, म्हणून जे हललं ते पुसलं गेलं. घोड्याची शेपटी धूर झालेली. आणि पोरं तर सगळीच पुसट. कडेवरच्या एकेका बाळाच्या धडावर नुसता धुक्याचा गोळा.

त्या मंगळवारची काच वेगळी होती.

२

एका दाराची पायरी. पायरीवर एक बाई बसलेली, डोक्यावरून शाल, अंगठ्याला चिंधी बांधलेली. मांडीवर तान्हं मूल. बाईचा चेहरा शालीच्या सावलीत होता, पण मूल मात्र स्वच्छ. एकेक पापणी दिसावी इतकं स्वच्छ. डोळे उघडे, आणि वर कुठंतरी बघणारे.

ही बाई मुलाची आई नाही, एवढं हेम्पेलबाईंनी श्रीपादला सांगितलं होतं. भाजी विकायला जाणाऱ्या बायका सकाळी आपली पोरं तिच्याजवळ ठेवून जात. दिवसभर ती त्या पायरीवर बसून ती सांभाळायची. आजोबा म्हणायचे, अख्ख्या लंडनमध्ये तिच्याइतकं मूल धरता येणारी बाई नव्हती. तिच्या हातात गेलं की कसलंही किरकिरं पोर गप्प व्हायचं.

मागं झोळीत छकुलीनं सूर लावला होता. सरलाचे हात कागदात अडकलेले. खालून दांडा एकदा वाजला. आता दुसऱ्यांदा वाजणार. सरलानं फळी अर्धी उघडली, त्या शांत बाळाकडे बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

“किती गं शांत बाळ तुझं. काय हात आहे बाई तुझा. माझीही घटकाभर धर की.”

बोलली आणि जीभ चावली. लेकराचं असं तोंड भरून कौतुक करू नये. दृष्ट लागते, आणि बाईमाणसाची तर आधी लागते. ते लेकरू आता कुठलं असायला, मातीत जाऊनही किती वर्षं झाली असतील. पण लेकरू ते लेकरू. दुसरा कागद घालायला तिनं काच बाहेर काढली, फडताळातली काजळाची डबी उघडली आणि बोटानं त्या बाळाच्या गालावर, काचेच्या पाठीमागून, इवलीशी तीट लावली.

बोट काचेला लागलं, आणि छकुली गप्प झाली.

हळूहळू नाही. हुंदका, मग उसासा, मग झोप, असं काहीच नाही. रडणं मधेच थांबलं. सरलानं वळून बघितलं. छकुली जागी होती, छान बघत होती. सरलाला इतकं बरं वाटलं की तिनं त्या काचेला हात जोडले. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिनं दोन्ही हात मोकळे ठेवून पोळ्या लाटल्या.

३

संध्याकाळी परातीत कागद हलवता हलवता श्रीपाद हसायला लागला.

“अगं, ह्या पोराच्या गालाला भोक कसलं पाडलंस?”

बाळाच्या गालावर पांढराशुभ्र ठिपका होता. सरलानं कबूल केलं. त्यावर तो आणखी हसला आणि मग मास्तरासारखा समजावायला बसला. निगेटिव्हवर सगळं उलटं. काळं तिथं पांढरं उतरतं, पांढरं तिथं काळं. तू तीट लावलीस, पण त्या बाजूला ती तीट नाही राहिली. तिथं ती उघडी जागा झाली.

“‘लांब राहा’ म्हणून जे लावलंस ना,” तो म्हणाला, “ते तिकडं ‘ये’ म्हणून लागलं.”

तो गमतीनंच बोलला होता. सरलाही हसली. त्यानं रुमालाच्या टोकानं काच पुसून लख्ख केली.

तेवढ्यात हेम्पेलबाई वर आल्या. हातात खसखशीच्या केकची बशी. आज काय झालं, आवाज नाही, त्या विचारत होत्या. झोळीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “आल्झो, किती ब्राव.” आल्झो म्हणजे आपलं ‘अगंबाई’, ब्राव म्हणजे शहाणं, गुणी. त्यांनी सरलाचा गाल थोपटला. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला चांगली आई म्हटलं होतं. केक खाताना तिचे डोळे भरून आले.

४

बुधवारी छकुली रडली नाही. गुरुवारीही नाही. आठवडा सरत आला.

सगळे खूश होते. श्रीपाद रात्री घरी बसून प्रबंध लिहायला लागला. हेम्पेलबाई येता-जाता ब्राव ब्राव म्हणत. बाळांना तपासायच्या दवाखान्यात सरला तिला घेऊन गेली, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, पाय ओढले, डोळ्यांवर दिवा फिरवला आणि वाट बघत बसलेल्या बायकांना सांगितलं, बघा, मूल असं हवं. तब्येत उत्तम. सगळ्या बायका कौतुकानं बघत होत्या. सरला पदराचं टोक पिळत बसली.

कारण तिला जे दिसत होतं ते वजनकाट्यावर येण्याजोगं नव्हतं. छाती तोंडात दिली तर पोर प्यायची, नाही दिली तर मागायची नाही. आंघोळीला पाणी एकदा चुकून गार झालं, अंगावर काटा आला, पण तोंड वाकडं झालं नाही. आणि नजर. छकुली आईकडे बघायची नाही. बघायची ती आईच्या खांद्याच्या वर, थोडं मागं, जिथं काहीच नव्हतं. पाच महिन्यांची पोरं दिव्याकडे बघतात, सरलानं स्वतःला सांगितलं. तिनं दिवा दुसरीकडे नेला. नजर तिथंच राहिली.

शनिवारी तिनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. दृष्ट असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही, असं तिची आई म्हणायची. ठसका असा आला की श्रीपाद खोकत जिन्यात पळाला आणि हेम्पेलबाईंनी खालून काय जळतंय म्हणून ओरडून विचारलं. म्हणजे दृष्ट नव्हती. सरलानं डोळे पुसत झोळीत बघितलं. त्या धुरात छकुली पापणीही न हलवता पडली होती. शिंकली नाही, ठसकली नाही.

मग हे काय होतं?

आणि झोळीचा आवाज. सरला स्वयंपाकाच्या खोलीत असली की बाहेरून दोरी करकरायची. कर... कर... जरा थांबून पुन्हा कर. बाहेर येऊन बघावं तर झोळी मंद हलत असायची. टेकडीखालून ट्राम जाते, घर हादरतं, श्रीपाद म्हणाला. खरंच होतं, कपबश्याही वाजायच्या. सरलाला पटलं. फक्त एक पटत नव्हतं. ट्रामनं हलली असती तर सारखी हलली असती. हा झोका दमलेल्या हाताचा होता. चार झोके द्यायचे, हात टेकायचा, मग परत चार.

सोमवारी त्या पायरीवरच्या बाईच्या फोटोच्या आणखी प्रती हव्या होत्या. शहरातल्या एका संग्रहालयातले गृहस्थ बघून गेले होते, त्यांना ती बाई फार आवडली होती. सरलानं काच चौकटीत घातली, ऊन येऊ दिलं, आणि रंग चढल्यावर फळी उघडली.

पायरी स्वच्छ होती. शालीची वीण स्वच्छ, अंगठ्याची चिंधी स्वच्छ. पण बाईच्या मांडीवर धुक्याचा गोळा होता. पोर मान इकडून तिकडं फेकत असावं तसा. आणि त्या धुक्याच्या मधोमध एक काळी जागा, उघड्या तोंडाएवढी.

सरलानं फळी लावून टाकली. मागं झोळीत छकुली पडली होती. एकेक पापणी दिसावी इतकी स्वच्छ.

५

कागद सरकला असेल, श्रीपाद म्हणाला. संध्याकाळी त्यानं दोन्ही प्रती दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवल्या. सरला म्हणाली, कागद सरकला असता तर पायरीही सरकली असती. श्रीपादनं भिंग लावलं. आधी पायरी बघितली, मग बाळ. मग म्हणाला, काचेवरचा थर तेवढ्याच जागी सुटत असेल, जुन्या काचा असं करतात. म्हणाला खरं, पण भिंग पुन्हा त्या काळ्या जागेवर धरलं.

“अहो,” सरला म्हणाली, “पोर रडत नाही आपली.”

“अगं, सगळ्या आया त्याच्यासाठी नवस बोलतात.”

“मी पण बोलले होते. त्याचीच भीती वाटते.”

सातवी शिकलेल्या बायकोची समजूत घालावी तशी त्यानं घातली नाही, हे त्याचं चांगलं होतं. तो तिला घेऊन खाली गेला. हेम्पेलबाईंच्या बैठकीत त्यानं जर्मनमध्ये विचारलं आणि बाई काय सांगतात ते वाक्यावाक्यानं मराठीत सांगितलं.

ती बाई फार इमानी होती, हेम्पेलबाई म्हणाल्या. आजोबा तिचं नाव काढायचे तेव्हा टोपी काढायचे. थंडीत स्वतःची शाल पोरांवर घालायची. मिळालेल्या पावातला मऊ भाग पोरांना भिजवून द्यायची, कडा स्वतः खायची. बायका अंधार पडता परतायच्या. पायरीवर दिवा नसायचा आणि तिला नीट दिसतही नसावं. म्हणून तिचा नेम होता. आईनं यायचं, वाकायचं, पोराच्या कानाशी त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की ती हात सोडायची. नावाशिवाय कुणालाही मूल द्यायची नाही, मग तो पोलीस का असेना.

“आणि ते?” सरलानं विचारलं. “तिच्या मांडीवरचं?”

“त्याची आई आली नाही,” श्रीपादनं सांगितलं. “कुणालाच त्याचं नाव माहीत नव्हतं. आजोबांनी फोटो काढला तेव्हा बाई आठवडाभर तशीच बसून होती म्हणे.”

“मूल जिवंत होतं का हो तेव्हा?”

श्रीपादनं विचारलं. हेम्पेलबाईंनी मांडीवरच्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की आजोबांना त्यांनीही लहानपणी हेच विचारलं होतं. आजोबा त्या दिवशी जेवले नव्हते.

जिना चढताना सरलाचे पाय थांबले. नाव. छकुलीचं नाव सरकारी कागदावर होतं. आकाशातलं नाव हवं म्हणून श्रीपादनं उल्का लिहून दिलं होतं. पण ते कुणी कधी तोंडानं घेतलंच नव्हतं. बारसं झालं नव्हतं. इथं पाळण्यात नाव सांगायला आत्या कुठली? आत्या पुण्याला. श्रीपादची बहीण सुधा हट्ट धरून बसली होती, की माझ्या एकुलत्या भाचीच्या कानात मीच कुर्र करणार, मी भेटेपर्यंत कुणी नाव घ्यायचं नाही. सासूबाईंनीही तेच बजावलं होतं. म्हणून तोवर छकुली. सोनी. बाळ.

तिच्या लेकीला नावच नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी ट्राम बंद होती. रूळ बदलायचं काम चाललं होतं म्हणून श्रीपाद चालत गेला. दुपारचं ऊन खोलीभर पसरलं होतं, इतकं की फरशीवरची धूळही दिसावी. सरला आत भांडी घासत होती.

कर... कर... कर... कर.

थांबलं.

सरलाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. कपबश्या गप्प होत्या. खिडकी बंद होती. तिनं कान दिला. दोरीच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, फार हलका, टाच पायरीवर ठेक्यात आपटावी तसा. आणि वास येत होता. भिजलेल्या लोकरीचा.

वारा असेल, तिनं मनात म्हटलं. खाली मांजर असेल. शिकलेल्या माणसाची बायको आहेस, काहीतरी कारण असेल. पदराला हात पुसत ती दारापर्यंत आली.

झोळी हलत होती. कडेचं लुगडं एका जागी दाबलं गेलं होतं. आणि त्या दाबलेल्या जागेवर, भर उन्हात, एक पुसटपणा होता. हात असावा तिथं हाताचं हलणं होतं. झोळीबरोबर पुढं जायचं, मागं यायचं, आणि मधल्या सगळ्या जागा करड्या धुक्यानं भरून टाकायचं. झोके थांबले. तो पुसटपणाही टेकला. टेकला तेवढा क्षण तो स्वच्छ झाला. फुटलेली कातडी, निळसर नखं, अंगठ्याला चिंधी. मनगटाच्या वर सरलानं बघितलं नाही. तिथं ऊन होतं, नुसतं ऊन, आणि ते तिच्याकडे बघत होतं.

ओरडावं असं तिला वाटलं नाही, ह्याचं तिला नंतर फार नवल वाटलं. भीती होतीच. पण भीतीच्या आत दुसरंही काही होतं. त्या हातानं आठवडाभर तिच्या लेकीला पडू दिलं नव्हतं.

ती पुढं गेली. वाकली. वाकल्यावर गालाला गार लागलं, कुणाच्या तरी शालीशेजारी तोंड न्यावं तसं.

“बाई,” ती म्हणाली, “लेकीला न्यायला आले.”

काही हललं नाही. हात टेकलेलाच होता. लुगड्याची कड ताणलेलीच.

आत्याचा मान आहे, आईनं घेऊ नये. सासूबाई काय म्हणतील, वन्सं काय म्हणतील, हे त्याही वेळी तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं छकुलीच्या कानाशी ओठ नेले.

“कुर्रर्र,” ती म्हणाली. “उल्का. उल्का श्रीपाद जोगळेकर. माझी आहे ती.”

लुगड्याची कड सैल झाली.

उल्काची नजर आईच्या खांद्यामागून निघाली आणि फार लांबून चालत आल्यासारखी तिच्या तोंडावर येऊन पोचली. खालचा ओठ पुढं आला. थरथरला. मग तिनं असा टाहो फोडला की खाली हेम्पेलबाईंच्या हातून काहीतरी पडलं. सरलानं तिला छातीशी धरलं आणि जमिनीवर बसकण मारली. खालून दांडा वाजला, पुन्हा वाजला. वाजू दे, सरला म्हणाली, वाजू दे, वाजू दे.

७

श्रीपादनं पुढं त्या काचेची एक प्रत स्वतः काढली. काय उतरलं ते त्यानं सांगितलं नाही, सरलानंही विचारलं नाही. तो कागद त्यानं शेगडीत घातला, आणि पेटी स्वतः उचलून केलरमध्ये ठेवून आला. संग्रहालयाच्या गृहस्थांना बाकीच्या काचांच्या प्रती मिळाल्या. प्रदर्शनात लोक आंधळ्या वेतवाल्यापुढं खूप वेळ थांबत, असं हेम्पेलबाईंनी अभिमानानं सांगितलं. थांबायलाच हवं, असंच ते काम होतं.

सरला त्या बाईला आजही वाईट म्हणत नाही. तिनं कुणाचं मूल पळवलं नाही. सांभाळ म्हटलं, तिनं सांभाळलं. एवढं इमान माणसात दिसत नाही. फक्त तिला ‘पुरे’ म्हणायची एकच रीत कळते.

हे सगळं इथंच संपलं असतं. पण ऑक्टोबरात श्रीपादचा मित्र मोहन येऊन गेला. मोहन पश्चिम बर्लिनला शिकत होता, आता शिक्षण संपवून प्रागवरून विमानानं घरी चालला होता, जाता जाता एक दिवस ड्रेस्डेनला उतरला. पोहे खाता खाता त्यानं भास्करची खबर सांगितली. भास्कर म्हणजे श्रीपादचा वर्गमित्र, तोही बर्लिनलाच, शार्लोटेनबुर्गमध्ये. त्याची बायको शुभा बाळंत झाली, मुलगा झाला.

“आणि तुझा तो फोटो काय लावलाय त्यांनी,” मोहन श्रीपादला म्हणाला. “पायरीवरच्या बाईचा. पलंगाच्या वर. येईल त्याला दाखवतात.”

सरलानं श्रीपादकडे बघितलं. श्रीपादचं तोंड उतरलं. पहिल्या दिवशीची, चांगली आलेली प्रत होती ती. जूनमध्ये भास्कर येऊन गेला तेव्हा त्यानं मागितली, ह्यानं दिली. सरलाला बोलायचा त्याला धीर झाला नव्हता.

“शुभावहिनी तर तिच्याशी बोलतात,” मोहन हसत होता. “स्वयंपाकघरात जायचं झालं की म्हणतात, मावशी, बघा हं जरा. आणि खरं सांगू का वहिनी, काय गुणी पोर आहे. मी तास-दीड तास बसलो होतो, आवाज नाही. नुसतं बघत असतं. सगळे म्हणतात, नशीब काढलंत.”

“बारसं झालं का?” सरलानं विचारलं. उल्का तिच्या मांडीवर किंचाळत होती, म्हणून तिला दोनदा विचारावं लागलं.

“छे. आत्या नागपूरला ना. पुढच्या वर्षी गेल्यावर करणार आहेत, थाटात.”

ऑगस्टात बर्लिनच्या मधोमध भिंत उभी राहिली. तिकडं फोन लागत नाही. सरलानं पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. पोचली नाहीत, की पोचली आणि भास्कर हसला, कळायला मार्ग नाही. श्रीपादनं तिकडं जायच्या परवानगीसाठी अर्ज केलाय, त्याचं अजून काही नाही. म्हणून ती भेटेल त्याला सांगते, आणि तिनं सांगितलं म्हणून इथं लिहिलं.

तुमचं कुणी तिकडं असेल, जाणार असेल, जाणाऱ्याच्या ओळखीचं असेल, तर शार्लोटेनबुर्गमध्ये भास्कर आणि शुभा लिमये ह्यांचं घर शोधा. फोटो काढा म्हणून भांडत बसू नका, आधी हा निरोप द्या. शुभाला म्हणावं, आत्याची वाट बघू नकोस. मान नंतर देता येईल. आज, आत्ता, पोराजवळ वाक आणि त्याच्या कानात नाव सांग. आणि घरात गेल्यावर ते बाळ किती शांत आहे, असं कृपा करून कुणी म्हणू नका.